नाना कंडक्टरचं शुद्ध बोलणं

"हॅलो, हर्षाली आहे का? मी तुझे वडील बोलत आहे."

रविवारची सकाळ होती. मी पुण्याच्या खोलीवर कपडे वाळत घालत होते. फोन कानाला लावला आणि हातातली ओढणी तशीच राहिली. आवाज नानांचा होता, पण बोलणं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. मला वाटलं, आईला काहीतरी झालंय आणि सांगायचं कसं म्हणून हे असं बोलताहेत.

"नाना, काय व्हयनं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. सर्व ठीक आहे. तुझी प्रकृती कशी आहे? जेवण वेळेवर होते ना?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी हवेची चौकशी केली, माझ्या कामाची केली, आणि "बरं, ठेवतो," म्हणून फोन ठेवला. एवढंच. एरवी आमचा फोन तासभर चालायचा. नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय करी राहिनी व माय?" आणि मग कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, डेपोत कोण नवा साहेब आला, सगळं अहिराणीतून ओघानं यायचं. त्या दिवशी मी बराच वेळ दोरीजवळ उभी राहिले. वाटलं, शेजारी कुणी पाहुणे बसले असतील.

नाना म्हणजे झुलाल देसले. अमळनेर डेपोला एस. टी.त कंडक्टर होते. अख्खी नोकरी त्याच भागातल्या गाड्यांवर गेली. मारवड, बेटावद, नरडाण्याकडच्या बायाबापड्या त्यांना आवाजावरून ओळखायच्या. गाडी खच्चून भरलेली असली तरी मागच्या दारातून त्यांचा शब्द ड्रायव्हरपर्यंत पोचायचा. एखादी म्हातारी खिडकीला डोकं टेकून झोपलेली असली, तर तिच्या फाट्याआधी हाळी यायची, "ऊठ व माय, तुनं गाव उनं." निवृत्त झाल्यावर त्यांचा आवाजच घरात मावेना. आई म्हणायची, समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा हा माणूस बेटावदला ऐकू जाईल असं बोलतो.

त्यांचं मन कुठे रमेना. पारावर बसायची सवय नव्हती, पत्ते येत नव्हते. तेव्हा मी 'ऐकू'चं काम करत होते. ऐकू हे मराठी ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर. कंपनीचं नव्हतं, गावोगावची माणसं आपापल्या सवडीनं ते मिळून बांधत होती, आणि कुणालाही ते फुकट वापरता येणार होतं. ज्यांना टाइप करता येत नाही, दिसत नाही, हात चालत नाहीत, त्यांनी नुसतं बोलावं आणि फोनवर अक्षरं उमटावीत, असं ते स्वप्न होतं. त्यासाठी खूप माणसांचे आवाज लागायचे. साइटवर वाक्य यायचं, ते मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचं. मग कुणी दुसरा स्वयंसेवक ते ऐकून स्वीकारायचा किंवा नाकारायचा.

दिवाळीत घरी गेले तेव्हा मी नानांना ते दाखवलं. खात्याला नाव काय द्यायचं विचारलं, तर म्हणाले, "नाना कंडक्टर टाक. लोके तेच म्हंतस."

मला वाटलं होतं, चार दिवस करतील आणि सोडून देतील. पण नाना त्यात बुडाले. मागच्या खोलीच्या दाराला गोधडी टांगली, म्हणजे रस्त्यावरचे हॉर्न आत येणार नाहीत. सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते फोनसमोर बसायचे. आई सांगायची, ड्युटीवर निघाल्यासारखेच निघतात, फक्त जातात मागच्या खोलीत. कुणी भेटायला आलं तर ते ऐटीत सांगायचे, "मी आते कॉम्प्युटरले मराठी शिकाडी राहिनू." वाक्य पडद्यावर पुस्तकी असायचं, पण नानांच्या तोंडातून निघताना ते आमच्याकडचं होऊन निघायचं. काळ्या मातीतली केळी त्यांच्या तोंडी काया मातीतली केयी व्हायची. शाळेची शाया व्हायची, पाण्याचं पानी. खान्देशात ळ असाच बोलला जातो. नानांना त्यात काही वेगळं आहे हेही माहीत नव्हतं. ते स्वच्छ, ठणठणीत वाचायचे आणि फोनवर मला विचारायचे, "आज कितला बोल लिधात त्यास्नी?" म्हणजे आज किती वाक्यं स्वीकारली.

मग तो रविवारचा फोन आला.

पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. "आपल्या गावात ऊन वाढले आहे. तिकडे कसे आहे?" मी मुद्दाम अहिराणीत बोलले, थट्टा केली, साहेब झाले का विचारलं. ते हसले नाहीत. एकेक शब्द जपून, ठेच लागू नये अशा बेतानं टाकत राहिले. रेकॉर्डिंगचं विचारलं तर म्हणाले, "सध्या थोडा अभ्यास चालू आहे."

न राहवून मी सुट्टी काढून अमळनेरला गेले.

दारातच नानांनी माझी बॅग घेतली. "ये. प्रवासात त्रास नाही ना झाला?" मी आईकडे पाहिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत निघून गेली. मागून स्वयंपाकघरात गेले तर ती चुलीवर बट्ट्या भाजत होती.

"मनासंगे बी तसाच बोलतस," ती हळूच म्हणाली. "लगीनमा बी माले इतला मान दिन्हा नही व यास्नी."

ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. तिनं सांगितलं की नाना आता फार बोलतच नाहीत. बाजारात बोटानं दाखवून भाजी घेतात. डेपोतले जुने सोबती भेटले तर मान हलवतात आणि पुढे होतात. दुपारी मात्र मागच्या खोलीचं दार लावून घेतात आणि आतून पुटपुटल्याचा आवाज येतो. "कोनी काही बोलनं का यास्ले? तू विचार ना."

मी विचारलं. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "माणसाने सुधारणा केली पाहिजे. त्यात वाईट काय आहे?" त्यांच्या पुढ्यात शेजारच्या मुलीचं चौथीचं मराठीचं पुस्तक उघडं होतं. मी काही न कळता परत आले.

कळलं ते त्यानंतर काही दिवसांनी, ऐकूच्या बैठकीत.

या बैठका महिन्यातून एकदा व्हिडिओवर व्हायच्या. त्या संध्याकाळी विषय होता, नवी माणसं येतात आणि टिकत का नाहीत. कुणी म्हणालं साइट हळू आहे, कुणी म्हणालं लोकांना वेळ नसतो. चंद्रपूरच्या सुकेशिनी मेश्राम कॉलेजात शिकवायच्या. बैठकीत त्या सहसा ऐकून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"मी एक वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "एका आवाजाची मला सवय झाली होती. कुणी वयस्कर गृहस्थ आहेत, खात्याचं नाव नाना कंडक्टर. माझ्याकडे तपासायला यायचे ते सगळे मी स्वीकारायचे. इतकं मोकळं वाचणारा दुसरा माणूस आपल्याकडे नव्हता. मग ते यायचे बंद झाले. मी शोधलं, तेव्हा त्यांच्या एका रेकॉर्डिंगखाली हा शेरा सापडला."

त्यांनी तो पडद्यावर आणला आणि वाचला. "हे काय उच्चार आहेत? असले गावंढळ रेकॉर्डिंग टाकून सगळ्यांचा वेळ वाया घालवू नका. आधी नीट मराठी बोलायला शिका, मग मदत करायला या."

कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं.

"खाली त्यांचं उत्तर आहे," सुकेशिनीताई म्हणाल्या. "'चूक झाली. क्षमा असावी. शिकून घेतो आणि येतो.'"

मला आठवतं, त्या वेळी माझ्या हातात पोळीचा तुकडा होता आणि तो मी ताटात परत ठेवला. घरात झुकत्या मानेनं, एका बोटानं एकेक अक्षर शोधत ते उत्तर लिहिणारे नाना मला दिसले. उलट बोलणं त्यांना जमत नव्हतं असं नाही. गाडीत दारू पिऊन चढलेल्याला त्यांनी कैकदा कॉलरला धरून उतरवलं होतं. पण इथे समोर शिकलेली माणसं होती, आणि ती सांगत होती म्हणजे खरंच असणार, असं त्यांनी धरलं.

पडद्यावरच्या एका चौकटीत ठाण्याचा प्रसन्न शेटे होता. ऐकूचं अर्धं काम त्यानं उभं केलेलं. पंचविशीतला, हुशार मुलगा. कुणाचं काही अडलं की हातचं काम टाकून मदत करणारा. मलाही त्यानं खूप शिकवलं होतं. त्यानं माइक चालू केला.

"नाव माझं दिसतंय म्हणजे ते मीच लिहिलं असणार," तो म्हणाला. "पण खरं सांगतो, मला आठवत नाही. त्या दिवशी खूप रेकॉर्डिंग तपासली असतील. कुणाला दुखवायचं म्हणून नक्कीच लिहिलं नसणार."

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं.

प्रसन्ननं कॅमेरा बंद केला नाही. तो खाली बघत बसला होता, आणि त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नानांना माफीचा मेल लिहायचा होता त्याला. मजकूर आधी मला दाखवतो म्हणाला. मी त्याला लिहू नकोस म्हटलं. नानांना आता कुणाचं लिहिलेलं वाचावं लागू नये असं मला वाटत होतं. मी म्हटलं, यायचं असेल तर ये. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण शनिवारी तो रेल्वेनं अमळनेरला उतरला. मी त्याला घ्यायला स्टेशनवर गेले होते. रिक्षात त्यानं आणखी एक सांगितलं. जागा वाचवायची म्हणून नाकारलेली रेकॉर्डिंग सर्व्हरवरून पुसली जायची, शेरे तेवढे राहायचे, आणि त्या शेऱ्याच्या दिवशी त्यानं नानांचं एकच नव्हे, सगळं खातंच नाकारलेल्यांत टाकलं होतं. सुकेशिनीताईंनी स्वीकारलेली वाक्यंही त्यातच गेली. त्यानं दोन रात्री बसून शोधलं, पण काहीच उरलं नव्हतं. हे सांगताना तो रस्त्याकडे बघत होता.

नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खिशाला पेन होतं. ते दारापर्यंत सामोरे आले.

"या, बसा. आपण इतक्या लांबून आलात, आनंद झाला."

आईनं पाणी दिलं. प्रसन्न बसला नाही. तो नानांच्या समोर उभा राहिला, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "नाना, मी तुम्हाला जे लिहिलं ते फार वाईट होतं. तुमच्या बोलण्यात काही चूक नव्हती. सॉफ्टवेअरला तुमच्यासारखी माणसं ऐकायला शिकवायची होती, आणि मी तुम्हालाच हाकललं. मला माफ करा."

त्यानं ते पाठ करून आणलं नव्हतं हे ऐकताना कळत होतं. मी नानांकडे बघत होते. वाटत होतं, आता ते त्याच्या पाठीत थाप मारतील आणि म्हणतील, जाऊ दे ना भाऊ. ते म्हणाले असते, तर सगळं तिथेच मिटलं असतं.

नानांनी त्याला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. "आपण माफी कशाला मागता?" ते म्हणाले. "आपण चूक दाखवलीत म्हणून समजले. इतकी वर्षे लोक माझ्या गाडीत बसले, पण कुणीच सांगितले नाही. मनातून हसत असतील."

"नाही हो नाना, कुणी हसत नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ते आत जाऊन चौथीचं पुस्तक घेऊन आले, चष्मा लावला आणि भिंतीशी सरळ उभे राहिले. "मी बराच सराव केला आहे. आपण ऐका."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. एका मुलीच्या शाळेची गोष्ट होती. प्रत्येक ळ आला की ते किंचित थांबायचे, जीभ वर वळवायचे, गळ्याची शीर ताठ व्हायची, आणि मग तो ळ बाहेर पडायचा, बिनचूक, घासून पुसून ठेवल्यासारखा. पाणी म्हणताना ण बरोबर आला. एकदा तोंडातून जुन्या सवयीनं 'डोया' निसटलं. त्यांनी जीभ चावली, "क्षमा असावी" म्हणाले, आणि ओळ पहिल्यापासून वाचली. कुठेही चूक राहिली नव्हती. पण आवाज गेला होता. बेटावदला ऐकू जाणारा माणूस चार हातांवर बसलेल्या आम्हाला कान देऊन ऐकावा लागत होता. गुरुजींपुढे उभं केलेलं पोर वाचतं तसे ते वाचत होते.

धडा संपला. त्यांनी पुस्तक मिटलं, बोट मात्र पानात तसंच राहू दिलं.

"आता घ्याल का?" त्यांनी प्रसन्नला विचारलं.

प्रसन्नचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "नाना, तुमचं नेहमीचं बोलणं हवंय आम्हाला. घरी बोलता तसं. तुमचे आधीचे आवाज माझ्या हातून पुसले गेले. पुन्हा एकदा तसं वाचाल का? एकच वाक्य."

नाना हसले. पाहुणा पहिल्यांदा आल्यावर आपल्या घराचं कौतुक करतो तेव्हा आपण जसं हसतो, तसं. "आपले मन मोठे आहे," ते म्हणाले. "पण चुकीचे घेऊन आपण काय करणार?"

"आते बोला ना हो," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "पोऱ्या इतला लांबतीन येल शे. एक डाव बोला ना पहिलासारखं."

नानांनी तिच्याकडे वळून बघितलं. रागानं नाही. फार मऊपणानं ते तिला म्हणाले, "पाहुण्यांसमोर असे बोलू नये."

आई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. सगळा संसार तिनं त्यांच्याशी याच बोलीत केला होता. भांडली याच बोलीत, मला जन्म दिला तेव्हा कळांमध्ये ओरडली ती याच बोलीत. तिनं नंतर आम्हाला वरण-बट्टी वाढली, वांग्याची भाजी वाढली, आग्रह केला, पण सगळं हातानं. जेवण संपेपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द आला नाही.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना प्रसन्न म्हणाला, "मला तो शेरा लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल." त्याच्यावर चिडायचं असं ठरवून मी घरून निघाले होते, पण तो इतका लहान दिसत होता की तेही होईना.

त्यानं नंतर जे केलं ते मनापासून केलं. रेकॉर्डिंग नाकारायचं तर कारण कामाचं लिहायचं, माणसाबद्दल एक शब्द लिहायचा नाही, आणि पहिल्यांदा आलेल्याला आधी धन्यवाद म्हणायचं, हा नियम त्यानं सुकेशिनीताईंबरोबर बसून केला. तपासणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतः फोन करून समजावायचा, नानांचं नाव न घेता. खान्देशातले, झाडीपट्टीतले, कोकणातले आवाज मागवले गेले. पुढच्या वर्षी आईसुद्धा बोलली, माझ्या फोनवर, नाना बाहेर गेल्यावर, दार लावून. आज ऐकूला शाया कळते आणि शाळाही कळते. अमळनेरच्या कुणी आजीबाईंनी त्यावर बोलून मुलाला पहिला निरोप पाठवला, तेव्हा आमच्या ग्रुपवर लोकांनी आनंद केला. मीही केला.

नाना त्यात परत आले नाहीत. नकोच म्हणाले. त्यांच्याशी मी किती तऱ्हांनी बोलून पाहिलं. विनवणं झालं, समजावणं झालं, रुसणं झालं. मी अहिराणीत विचारायची, ते पुस्तकातून उत्तर द्यायचे, आणि हळूहळू फोन चौकशीपुरते उरले. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी मला जवळ घेतलं. मी त्यांच्या छातीशी कान लावून वाट बघत होते. "सुखी राहा," ते म्हणाले.

माझी मुलगी ऋता चार वर्षांची असताना आम्ही उन्हाळ्यात अमळनेरला गेलो होतो. गल्लीतल्या पोरांत ती दिवसभर खेळायची. एका दुपारी ती घामाघूम होऊन धावत आली आणि ओट्यावर बसलेल्या नानांच्या गळ्यात पडली.

"नाना, माले तीस लागनी."

मी उंबऱ्यातच थांबले. आतून आई हातातलं काम टाकून बाहेर आली. आई आणि मी त्यांच्याशी अहिराणीत बोलणं केव्हाच सोडलं होतं; इतक्या वर्षांनी त्या घरात कुणी नानांशी असं बोललं होतं, आणि नाना तिच्याकडे बघत होते, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता.

त्यांनी तिला माठातलं पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली. त्यांनी आपल्या उपरण्यानं तिचं तोंड पुसलं, तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"असं बोलू नये, बाळा," ते म्हणाले. "लोक हाकलून देतात."

"कोन?" ऋतानं विचारलं.

"'कोन' नाही. कोण."

तिनं त्यांच्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं, जीभ वर नेली.

"कोण," ती म्हणाली.

"शाब्बास," नाना म्हणाले.